विश्लेषण : दोन वर्षे एकही नांगर विकला गेला नाही, तरी लक्ष्मणराव किर्लोस्कर टिकले कसे?

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींवर पत्र्याच्या खोलीत पडलेले डिझेल इंजिन अनेकांनी पाहिले असेल. त्यावर ओतीव अक्षरांत एक नाव वाचायला मिळते, किर्लोस्कर. हे नाव घराघरांत माहीत आहे. पण ज्याच्यामुळे ते इंजिनावर आले, त्या माणसाची सुरुवात एका छोट्या दुकानातून झाली होती आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध माल सुरुवातीची दोन वर्षे कुणी घेतलाच नव्हता, हे फारसे माहीत नसते.

लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत दरवर्षी नवी दुकाने उघडतात आणि त्यातली काही वर्षभरातच बंद होतात. कर्ज घेतलेले असते, घरातले सोने गहाण असते आणि माल पडून असतो. माल वाईट असतोच असे नाही. गिऱ्हाईक जुळेपर्यंत तग धरता येत नाही, हे अनेकदा खरे कारण असते. लक्ष्मणरावांचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर देते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात शास्त्र-पुराणांचे वातावरण होते, पण मुलाचा ओढा चित्रे आणि यंत्रे यांच्याकडे होता. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

रंगांची गरज नसलेली एक चित्रकला मात्र होती. यंत्रांची रेखाटने. ते शिक्षण त्यांनी सोडले नाही आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे शिक्षक झाले. मोकळ्या वेळेत ते कारखान्यांत जाऊन प्रत्यक्ष काम करत. यंत्र कागदावर कसे दिसते आणि हातात कसे चालते, हे दोन्ही त्यांना इथे कळले.

धंदा सुरू कसा झाला?

मुंबईत त्यांनी पहिल्यांदा सायकल पाहिली. त्या काळात ती श्रीमंतांची चैन होती. भावाच्या मदतीने बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. नाव ठेवले किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो. हे दुकान ज्या रस्त्यावर होते, तो आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दुकान निघाले तेव्हा नोकरीचा पगार घरात येत होता. लक्ष्मणराव मुंबईत शिकवत होते आणि बेळगावची बाजू भाऊ सांभाळत होता. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. राजीनामा रागाचा असेलही, पण मागे चालते दुकान होते. आधी नोकरी सोडून मग काय करायचे ते शोधू, असा हा क्रम नव्हता.

सायकल शिकवण्याचे १५ रुपये का महत्त्वाचे?

दुकानात सायकल ७०० ते १,००० रुपयांना विकली जाई आणि सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये घेतले जात. १५ रुपये किमतीपुढे किरकोळ वाटतात. पण ज्याला सायकल चालवता येत नाही, तो सायकल घेईलच कशाला? शिकवणी हा जोडधंदा तर होताच, शिवाय त्यातून गिऱ्हाईक तयार होत होते.

आजही हेच लागू पडते. मोंढ्यात बॅटरीवरचा फवारणी पंप विकणाऱ्याने तो दोन शेतांत चालवून दाखवला, नोझल कसे धुवायचे आणि बॅटरी किती वेळ लावायची हे सांगितले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात दोनशे रुपये स्वस्त मिळतो म्हणून सहसा जात नाही. शिलाई मशीन, पिठाची चक्की, दुकानातला वजनकाटा, सगळ्यांचे असेच आहे. मालाबरोबर वापर शिकवणारा दुकानदार भावाच्या स्पर्धेतून थोडा तरी बाहेर पडतो.

नांगर का विकला जात नव्हता?

सायकलीनंतर लक्ष्मणरावांनी शेतीच्या अवजारांकडे मोर्चा वळवला. आधी कडबा कापण्याचे यंत्र आले, ज्याला आपण कडबा कुट्टी म्हणतो. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. परदेशी अवजारे जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत, इथली जमीन आणि इथली बैलजोडी बघूनच अवजार घडले पाहिजे, अशी त्यांची पक्की धारणा होती.

तरीही नांगर पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. लाकडी नांगर गावातला सुतार करून देई, मोडला तर तिथेच दुरुस्त होई, आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता. त्यात चूक झाली असती, तर शेतकऱ्याचा एक हंगाम बुडाला असता. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली.

शेतकऱ्याला अडाणी ठरवणे इथे सोपे आहे. पण धंद्याच्या नजरेने पाहिले तर तो आपली जोखीम मोजत होता. नवीन माल न घेणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा किमतीला घाबरत नाही. फसलो तर काय, या विचाराला घाबरतो. त्या भीतीचे उत्तर दुकानदाराने द्यायचे असते. वापरून दाखवणे, सुटा भाग हाताशी ठेवणे, बिघडले तर कोण येणार हे आधीच सांगणे, ही ती उत्तरे.

मग दोन वर्षे टिकले कसे?

सगळी मदार नांगरावर नव्हती. नांगराआधी सायकलचे दुकान होते, कडबा कुट्टी होती, आणि घरचा हिशेब एकट्याच्या खांद्यावर नव्हता, थोरला भाऊ बरोबर होता. त्यांच्या वाटचालीकडे सलग पाहिले, तर पगाराच्या आधाराने सायकल, सायकलीनंतर कडबा कुट्टी, तिच्यानंतर नांगर, नांगरानंतर पंप असा क्रम दिसतो. प्रत्येक नवा धंदा आधीच्या धंद्याच्या खांद्यावर उभा राहिला. आधीचा मोडून नवा मांडलेला नाही.

नव्या मालाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याला पोसणारा जुना माल दुकानात हवा. ही सोय नसती, तर चांगला नांगर असूनही कारखाना दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचला नसता.

हा हिशेब आपल्या दुकानाला कसा लावायचा?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा महिन्याचे दुकानभाडे ८,००० रुपये, एका मुलाचा पगार १०,०००, वीज आणि किरकोळ खर्च २,०००, कर्जाचा हप्ता ७,००० आणि घरखर्चासाठी काढायचे १३,००० रुपये आहेत. एकूण झाले ४०,०००. विक्रीच्या शंभर रुपयांमागे २० रुपये सुटत असतील, तर महिन्याला २ लाख रुपयांची विक्री झाली तरच बरोबरी होते. महिन्यातले २६ दिवस दुकान उघडे धरले, तर रोज सुमारे ७,७०० रुपये. हा आकडा गल्ल्याजवळ लिहून ठेवावा. त्याच्या खाली गेलेला प्रत्येक दिवस भांडवल खातो.

आता नव्या मालाचे. १ लाख रुपये वर्षाला १२ टक्के व्याजाने आणून तो माल भरला आणि तो दोन वर्षे पडून राहिला, तर नुसते व्याजच २४,००० रुपये होते. म्हणून नवा माल भरण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. यातला एकही नग सहा महिने विकला नाही, तर चालू मालाच्या नफ्यातून हप्ता निघेल का? आणि किती महिन्यांनंतर आपण थांबणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माल आणण्याआधी ठरवायचे असते. पैसे अडकल्यावर ते ठरवणे अवघड जाते.

घरखर्च वेगळा दाखवणेही तेवढेच गरजेचे आहे. गल्ल्यातून लागेल तसे पैसे उचलले, की दुकान नफ्यात आहे की घर दुकानाला खात आहे, हेच कळत नाही. दुकानाचे बँक खाते वेगळे ठेवावे आणि महिन्याला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात टाकावी.

जागा गेली तेव्हा काय झाले?

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले आणि दुसरेच संकट आले. शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडणे भाग पडले. चालत्या कारखान्याला हलवणे म्हणजे यंत्रे, कारागीर आणि गिऱ्हाईक तिन्ही एकाच वेळी हलवणे.

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. १९१० मध्ये कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचा वावर आणि पाण्याची ओढ. पण दाराशी रेल्वे होती. जड लोखंड आणायचे आणि जड नांगर पाठवायचे, त्याला ही एक सोय शंभर सोयींच्या बरोबरीची. तिथे उभी राहिली ती किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातली. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, जागेचा करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुदत, भाडेवाढ आणि जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट हवेत. दुसरी, जागा दिसायला कशी आहे यापेक्षा माल आणि गिऱ्हाईक तिथे कसे येणार, हे आधी पाहावे. कोचिंगसाठी लातुरात येणाऱ्या मुलांची मेस आणि नांदेडच्या गुरुद्वारात येणाऱ्या भाविकांसाठीचे भोजनालय, दोन्ही जेवणच देतात, पण त्यांच्या जागेचे गणित पूर्ण वेगळे असते.

कर्ज किती आणि कशासाठी घेतले?

नव्या कारखान्यासाठी लक्ष्मणरावांनी औंधच्या राजांकडून १०,००० रुपयांचे कर्ज घेतले. त्या वेळी ही रक्कम मोठी होती, पण ती कारखाना उभारायला होती. शिवाय तोवर त्यांच्याकडे विकला जाणारा माल, काम जाणणारी माणसे आणि अनेक वर्षांचा अनुभव होता. माल काय असावा हे शोधण्यासाठी हे कर्ज नव्हते.

आजच्या उद्योजकासाठी मुद्रा योजना आहे. तीत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. तरुण गटातले कर्ज घेऊन वेळेवर फेडलेल्यांसाठी २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गट आहे. म्हणजे सरकारी योजनेची रचनाही पायरीपायरीचीच आहे.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा, तर सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असते. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते. पण अनुदान लगेच हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेवीसारखे अडकून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. म्हणून अनुदान पहिल्या महिन्याच्या खर्चात धरू नये.

माणसे कशी निवडली?

किर्लोस्करवाडीच्या गोष्टीत सर्वांत वेगळा भाग माणसांचा आहे. शंभूराव जांभेकर लहानपणी खोडकर म्हणून ओळखले जात, ते तिथे यंत्रांचे जाणकार झाले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडली होती, ते कल्पक अभियंता ठरले. मंगेशराव रेगे कारकून होते, त्यांनी पुढे हिशेबाची धुरा वाहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण दिली आणि ती त्यांनी चोख केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला मनाई होती.

याला नुसता मोठेपणा म्हणता येणार नाही. आडरानातल्या कारखान्यात तयार अभियंते यायला कोण बसले होते? हाताशी आहेत त्या माणसांतून कामाची माणसे घडवणे, हाच उपाय होता. नांदेड-लातूरच्या उद्योजकाचीही हीच तक्रार असते, की चांगली माणसे पुण्याला जातात. जी राहतात त्यांना शिकवायला वेळ दिला आणि एक काम पूर्णपणे सोपवले, तर ती टिकतात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पैशाचा हिशेब रोज जुळवावा आणि तो एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये.

गिऱ्हाईकापर्यंत कसे पोहोचले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणारे हे पत्रक पुढे मराठीतले नावाजलेले मासिक झाले. मोबाइल नसलेल्या काळात गिऱ्हाइकाच्या घरात दर महिन्याला आपले नाव पोहोचवण्याचा तो मार्ग होता.

आज हे काम व्हॉट्सअॅपवर फुकट होते, पण नुसते दरपत्रक आणि सणाच्या शुभेच्छा पाठवल्या तर लोक गट सोडतात. पेरणीआधी अवजाराची निगा कशी ठेवावी, मोटर जळू नये म्हणून काय करावे, अशी कामाची एक गोष्ट आठवड्याला पाठवली, तर तेच गिऱ्हाईक मोटर जळल्यावर तुमच्या दुकानात येते.

उधारीचे काय करायचे?

मराठवाड्यातला बाजार हंगामावर चालतो. सोयाबीन किंवा तूर विकली जाईपर्यंत वही लिहिली जाते. उधारी पूर्ण बंद करणे शक्य नसते, पण तिला मर्यादा घालता येते. प्रत्येक गिऱ्हाइकाची कमाल रक्कम ठरवावी, तारीख लिहावी आणि आधीची बाकी आल्याशिवाय पुढची देऊ नये.

दुसऱ्या व्यावसायिकाला किंवा कंपनीला माल वा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाला कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नाही.

पुढे काय झाले?

१९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत पंप तयार होऊ लागला. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनवणारा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ही पुढची धुरा अमेरिकेत शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांनी वाहिली. मराठवाडा तोवर निजामाच्या राज्यात होता, सरहद्दीवर करोडगिरीचा नाका ओलांडूनच बाहेरचा माल इकडे येई. नंतर तो नाका गेला. पुढे विहिरी वाढल्या, तसे विहिरीवरचे इंजिनही इथल्या शिवारात ओळखीचे झाले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

त्यांच्या आयुष्याचा एक शब्दात सारांश काढायचा तर लोक चिकाटी म्हणतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. चिकाटीला दर महिन्याला खर्च येतो आणि तो कुठून तरी भागवावा लागतो. आज रात्री दुकान बंद करताना वहीच्या कोऱ्या पानावर दोन आकडे लिहून पाहा. बरोबरीसाठी रोजची विक्री किती, आणि नवा माल अजिबात विकला गेला नाही तर आपण किती महिने निघू शकतो. दुसरा आकडा सहापेक्षा कमी असेल, तर नवा माल अजून थोडा थांबू शकतो.